पाठीवरचं बिऱ्हाड : चिंचपाडा ते डुमस

"कोणत्या कारखान्यावर?"

चिंचपाड्याच्या फलाटावर एका बाईनं आम्हाला विचारलं. गेल्या वर्षीची दिवाळी नुकतीच आटोपली होती. आमच्या दोघांच्या पाठीवर सॅक होत्या. तिच्या डोक्यावर गोणी, काखेत भांड्यांचं बोचकं, मागे नवरा आणि त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेले कोयते. नवराबायको, पाठीवर सामान, सुरतेकडची गाडी आणि दिवाळीनंतरचे दिवस. तिच्या हिशेबानं आम्हीही ऊसतोडीलाच निघालो होतो.

"कारखान्यावर नाही ताई, फिरायला. डुमसचा समुद्र बघायला," मी म्हटलं.

"बारडोलीला लई हंगाम काढले," ती म्हणाली, "समुद्र नाही पाहिला."

हा लेख खरं तर सुरतेतल्या दोन दिवसांच्या मुक्कामावर व्हायचा होता. त्या एका वाक्यानं त्याचा रूळ बदलला.

चिंचपाडा हे नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातलं गाव. 1942 पासूनचा मिशनचा दवाखाना आणि रेल्वे स्टेशन ही बाहेरच्यांना ठाऊक असलेली त्याची ओळख. आसपास मावची, कोकणी, भिली बोली कानावर येतात, बाजारात मराठी आणि गुजराती. इथून रेल्वेनं राजधानी मुंबई गाठायची तर जवळची वाट सुरतेवरूनच जाते. त्यामुळे इथे 'शहर' म्हटलं की पहिलं नाव सुरतेचं येतं.

ही वाट घातली ताप्ती व्हॅली रेल्वेनं. किलिक निक्सन या मुंबईच्या कंपनीच्या व्यवस्थापनाखाली 1900 च्या सुमारास सुरत ते अमळनेर हा मार्ग सुरू झाला आणि खानदेशच्या कापसाला बंदराकडे जायला सोपा रस्ता मिळाला. उधना ते जळगाव या सुमारे 307 किलोमीटरच्या टप्प्याचं दुहेरीकरण पूर्ण होऊन फेब्रुवारी 2019 मध्ये धुळ्यात त्याचं लोकार्पण झालं. माल बदलला, गाड्या बदलल्या. कामासाठी पश्चिमेला जाणारी माणसं मात्र बदलली नाहीत.

पुढचं मोठं स्टेशन नवापूर. राज्याची हद्द या स्टेशनातूनच जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत. एका बाकाचा अर्धा भाग इकडे आणि अर्धा तिकडे. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. पर्यटक त्या बाकावर बसून फोटो काढतात. आम्हीही खिडकीतून काढला. समोर बसलेल्या त्या बाईनं आम्ही कशाचा फोटो काढतोय म्हणून मान वळवून पाहिलं, आणि बाक दिसल्यावर मान परत फिरवली.

नवापूर सुटल्यावर उकाई-सोनगड येतं. तापीवरचं उकाई धरण 1972 मध्ये पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाचं पाणी मागे सरकत महाराष्ट्रात, नवापूर तालुक्यापर्यंत येतं. धरणाखाली गेली ती मुख्यतः आदिवासींची गावं आणि नदीकाठची काळी जमीन. खाली काकरापारचा बंधारा 1950 च्या दशकातच बांधून झाला होता. या दोन्हींच्या कालव्यांनी दक्षिण गुजरातचं शिवार बारमाही भिजू लागलं आणि जिथे कापूस, ज्वारी होती तिथे ऊस उभा राहिला. गाडी त्याच उसातून जाते. मढी, बारडोली, चलथाण ही ओळीनं येणारी स्टेशनं, आणि तिन्ही गावं साखर कारखान्यांची. मढीच्या फलाटावर आम्ही तिथली प्रसिद्ध खमणी शोधत होतो, तेव्हा डब्यातली निम्मी माणसं आपापली गोणी दाराशी ओढत होती.

ऊसतोडीच्या धंद्यात जोडप्याला 'कोयता' म्हणतात. कोयता म्हणजे हत्यार, आणि कोयता म्हणजे ते चालवणारी नवराबायकोची जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं पाचट सोलून मोळी बांधायची. मजुरी टनावर, तीही जोडीची एकत्र. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर निघायचं आणि उन्हाळ्यापर्यंत ती उचल फेडायची. राहायचं शेताच्या कडेला, ताडपत्रीच्या खोपीत. त्या वस्तीला दक्षिण गुजरातेत 'पडाव' म्हणतात. प्रवाशाचा पडाव एका रात्रीचा असतो, यांचा सहा महिन्यांचा.

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकात बारडोलीच्या कारखान्यांसाठी येणाऱ्या या खानदेशी तोडकऱ्यांचा अभ्यास केला. बारडोलीच्या शिवारातच हळपती शेतमजूर हाताला काम नसलेले बसलेत; मग कारखाने दूरवरून माणसं का आणतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचं उत्तर असं की उचलीनं बांधलेला परका मजूर स्वस्त पडतो. तो रात्री-अपरात्री कामाला उठतो, घरी निघून जाऊ शकत नाही, आणि हंगाम संपला की त्याची जबाबदारीही संपते. 1928 मध्ये वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सरकारी साऱ्याविरुद्ध उभा राहिलेला शेतकरी याच बारडोलीचा. त्याच्या पुढच्या पिढ्यांनी सहकारी कारखाने उभे केले. सहकार जमीनवाल्यांचा होता. कोयत्याला त्यात सभासदत्व नव्हतं.

आमचे सहप्रवासी बारडोलीला उतरले. ती बाई उतरताना "सांभाळून जा" म्हणाली. आम्हाला!

सुरतेत उतरल्यावर मराठी माणसाला पहिली आठवण होते ती महाराजांची. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी ही मोगलांची पेठ लुटली, ऑक्टोबर 1670 मध्ये पुन्हा. पहिल्या खेपेला इंग्रजांची वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झेंडन इथल्याच इंग्रजी दफनभूमीत आहे, भाऊ ख्रिस्तोफरच्या शेजारी, दुमजली घुमटाखाली. याच घराण्यातला हेन्री ऑक्झेंडन 1674 मध्ये नजराणा घेऊन राज्याभिषेकाला रायगडावर हजर होता. तापीकाठचा किल्ला सोळाव्या शतकातला, आता तिथे संग्रहालय आहे. डिसेंबर 1907 मध्ये काँग्रेसची जहाल-मवाळ फूट पडली तीही याच गावात, टिळकांच्या देखत.

आजची मराठी सुरत मात्र किल्ल्यापाशी नाही. ती उधना, लिंबायत, डिंडोलीत आहे. यंत्रमाग, साडीची छपाई, हिऱ्यांचे कारखाने यांच्या ओढीनं जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं इथे स्थिरावली. रिक्षावाला अहिराणीत बोलतो, महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, आणि नवसारी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून येणारे सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. इथे खानदेशी माणसाला मत आहे, म्हणून त्याला नावही आहे. पडावावरचा कोयता मतदानाच्या दिवशी उसात असतो.

'सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण' असं म्हणतात. मरणाची घाई नसल्यानं आम्ही लोचो, सेवखमणी आणि शरद पौर्णिमेनंतर उरलेल्या घारीवर दिवस काढला. थंडी वाढली की इथे तापीकाठी पोंक मिळतो. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, बारीक शेव आणि लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खाल्ला जाणारा.

दुसऱ्या दिवशी डुमस. शहरापासून वीसेक किलोमीटर. रांगेनं भज्यांच्या गाड्या, टोमॅटोची भजी, उंट, घोडे, आरडाओरडा. खंबातच्या आखातातली भरती-ओहोटी देशातली सर्वांत मोठी. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की समुद्र शोधावा लागतो. डुमसची वाळू काळी आहे. लोक त्यावरून भुताच्या गोष्टी सांगतात. कारण साधं आहे. दख्खनचा काळा पाषाण झिजतो, लोहाच्या कणांसह नद्यांतून वाहतो आणि इथे किनाऱ्याला लागतो. मुलताईहून 724 किलोमीटर आलेली तापी जवळच समुद्राला मिळते, आणि नवापूरच्या रंगावली नदीचं पाणीही तिच्यातच असतं.

म्हणजे आमच्याकडचं सगळंच इकडे येतं. दगड आला, कापूस आला, पाणी आलं, माणसं आली. दगडाला समुद्र दिसला. बारडोलीहून डुमस पन्नासेक किलोमीटरवर, पण कोयत्याला हंगामात सुट्टी नसते.

सुरत बघण्यासारखी आहे, जरूर जा. पण एक्सप्रेसनं जाऊ नका. दिवाळीनंतर, पॅसेंजरनं, जनरलच्या डब्यातून जा. आणि कुणी "कोणत्या कारखान्यावर?" असं विचारलं, तर उत्तर देऊन गप्प बसू नका, तुम्हीही तोच प्रश्न विचारा.