स्वस्त दुकान आणि स्वस्त विमान

स्वस्तात विकणे सोपे असते. स्वस्तात विकूनही टिकून राहणे कठीण असते. अमेरिकेतील स्पिरिट या विमान कंपनीची कथा समजून घ्यायची, तर आधी तिथल्या दुकानांकडे पाहावे लागेल.

१९६२ या एकाच वर्षी के-मार्ट, वॉलमार्ट आणि टार्गेट ही तीन सवलतीची दुकाने सुरू झाली. प्रारंभी के-मार्टचीच सरशी होती. पण वॉलमार्टने गुदामे, मालमोटारी आणि विक्रीच्या नोंदी यांची अशी घडी बसवली, की मुळात खर्चच उतरला. टार्गेटने देखणा माल ठेवून निराळे गिऱ्हाईक जोडले. के-मार्ट धड सर्वांत स्वस्तही राहिले नाही, की देखणेही झाले नाही. जानेवारी २००२ मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला.

स्पिरिटनेही भाडे अगदी कमी ठेवले आणि बाकी प्रत्येक सोयीचे पैसे वेगळे घेतले; २०१० पासून तर डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायच्या बॅगेचेसुद्धा. मग मोठ्या कंपन्यांनी आपल्याच विमानांतील काही जागा तशाच कमी भाड्यात विकायला काढल्या. त्यांची मिळकत महागड्या आसनांतून आणि क्रेडिट कार्डांच्या करारांतून होत असल्यामुळे त्यांना हे परवडले. इकडे स्पिरिटचा खर्च वाढत गेला. इंजिनांतील दोषामुळे २०२३ पासून तिची काही विमाने जमिनीवरच अडकली. शिवाय दुकानात आज न खपलेला साबण उद्या खपतो; विमान उडाले, की रिकामी जागा कायमची वाया जाते.

जेटब्लू कंपनी स्पिरिटला ३८० कोटी डॉलरना विकत घेणार होती. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने तो व्यवहार रोखला. स्पिरिट नाहीशी झाली तर काटकसरी प्रवाशाला झळ बसेल, हे त्यामागचे कारण. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्पिरिटने दिवाळखोरीचा अर्ज केला. मार्च २०२५ मध्ये ती त्यातून बाहेर पडली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा तिथेच आली. न्यायालय विक्री थांबवू शकते. कंपनीचा खर्च भागवू शकत नाही.

यात तुमचाआमचा संबंध काय, असे कोणी विचारील. कोपऱ्यावर एक स्वस्त दुकान असले, म्हणजे तिथे कधीही न जाणाऱ्यालाही त्याचा लाभ होतो, कारण आपला नेहमीचा वाणी भाव जपून सांगतो. ते दुकान बंद पडले, की हा धाक जातो. म्हणून अशी कंपनी बुडते, तेव्हा नुकसान केवळ तिच्या भागधारकांचे होत नाही.