शेजारच्या खुर्चीचा भाव

आमच्या नात्यागोत्यात कोणाला विमानाचं तिकीट काढायचं झालं की फोन मला येतो. फोन करणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं एक शास्त्र असतं. मामा म्हणतात, "मंगळवारी रात्री बारानंतर बघ." मावसभाऊ बजावतो, "इन्कॉग्निटोमध्ये उघड, नाहीतर त्यांना कळतं आपण सारखं बघतोय आणि भाव चढवतात." मी हो म्हणतो आणि माझ्या पद्धतीने बघतो. भाव चढतो हे खरं. पण तो आपल्याला बघून चढतो, हे मला कधीच पटलेलं नाही.

एकाच विमानातल्या इकॉनॉमीच्या खुर्च्या कंपनीच्या हिशेबात अनेक कप्प्यांत वाटलेल्या असतात. प्रत्येक कप्प्याला एक इंग्रजी अक्षर आणि एक भाव. सर्वांत स्वस्त कप्प्यातल्या जागा संपल्या की साइट गुपचूप वरच्या कप्प्यावर जाते. कोणी जागा अडवून पैसे भरले नाहीत तर ती सुटते, आणि कधी कंपनीच जागा भरत नाहीत म्हणून खालचा कप्पा पुन्हा उघडते. असा भाव नेमका मंगळवारी उतरला, की मामांच्या शास्त्राला पुरावा मिळतो. शेजारी बसलेल्या दोघांनी एकाच पोह्यांसाठी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात, ते या कप्प्यांमुळे.

ही करामत तशी जुनी. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवायला सुरुवात झाली आणि पीपल एक्सप्रेससारख्या स्वस्त कंपन्या आल्या. जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने त्यांना उत्तर म्हणून फार कमी दराची तिकिटं काढली, पण ती मोजक्याच खुर्च्यांवर आणि आधी काढणाऱ्यालाच. बाकीच्या खुर्च्या घाईच्या, कामाच्या माणसासाठी महाग ठेवल्या. दोन वर्षांत पीपल एक्सप्रेसचा कारभार आटोपला. आपल्याकडे २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन आली. तिच्या एक रुपयाच्या तिकिटाची गोष्ट अजून सांगितली जाते, पण तशा जागा किती होत्या, हे कोणी विचारत नाही.

हे कप्पे डोळ्यांनी बघायचे असतील तर प्रवाशांचा आकडा बदलून बघावा. पुण्याहून दिल्लीला चौघांना जायचं होतं. चार टाकले, तर माणशी ६,१०० दाखवले. तीन टाकले, तेच. दोन टाकल्यावर ५,२५०. म्हणजे स्वस्त कप्प्यात दोनच खुर्च्या उरल्या होत्या. चौघांची मागणी एकत्र गेली की यंत्रणा चौघांनाही एकत्र मावतील अशा वरच्या कप्प्यात नेते. मग मी दोन-दोन करून तिकिटं काढली आणि पहिल्या दोघांचे सतराशे वाचले. पण पीएनआर दोन झाले. विमान रद्द होऊन दुसऱ्यात बसवायची वेळ आली तर हे चौघं एक कुटुंब आहेत हे कंपनीला आपोआप कळत नाही. बरोबर लहान मूल असेल तर मी ही काटकसर करत नाही.

खरी बचत तारखेत आणि वेळेत असते. गुगल फ्लाइट्सवर तारखांचा तक्ता उघडला की जायचा दिवस आडवा, यायचा दिवस उभा आणि प्रत्येक चौकटीत भाव. रविवार संध्याकाळचं परतीचं विमान सोडून सोमवारी पहाटेचं घ्यायची तयारी असेल तर फरक लगेच दिसतो. लग्नाच्या मुहूर्ताला बांधलेल्या माणसाला या तक्त्याचा उपयोग नाही. त्याने लवकर काढावं आणि परत भाव बघायला जाऊ नये. गुगल स्वतः तिकीट विकत नाही, फक्त दाखवतं. तिथून विकणाऱ्याच्या पानावर गेलं की 'भाडं बदललं आहे' अशी पट्टी येते आणि लोकांना फसवल्यासारखं वाटतं. बरेचदा आपण बघितलेला भाव काही वेळापूर्वीचा साठवलेला असतो, एवढंच.

विमानतळ बघायला लोक विसरतात. जानेवारी २०२३ पासून गोव्याला दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि मोपा. सावंतवाडीच्या माणसाला मोपा म्हणजे घरचं अंगण. काणकोणला जाणाऱ्याने मात्र नुसता भाव पाहून मोपा घेतलं तर वाचलेले पैसे टॅक्सीवाला घेतो. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाल्यापासून पुणेकरांनी आणि पनवेलकरांनीही हाच हिशेब करायला हवा.

आता पैसे भरण्याचं पान. इथे माझा चष्मा नाकावर येतो. शोधताना दिसलेल्या भावावर सुविधा शुल्क चढतं, आणि बहुधा ते माणशी असतं. मग खिडकीची खुर्ची, सँडविच, विमा. 'नको' हे उत्तर कुठेतरी फिक्या रंगात, बारीक अक्षरात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये अशा क्लृप्त्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. टोपलीत न विचारता वस्तू टाकणं, शेवटच्या पायरीवर भाव वाढवणं, 'फक्त दोनच जागा' अशी खोटी घाई करणं, हे सगळं त्यात आहे. तरी डोळे उघडे ठेवावेच लागतात. सर्वांत स्वस्त भाडं कधी चेक-इन बॅगेशिवायचं असतं, आणि विमानतळावर बॅगेचे पैसे भरले की ते सर्वांत महाग ठरतं. आणखी एक, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी ते रद्द केल्यावर विमानतळाची शुल्कं आणि सरकारी कर परत मिळायला हवेत, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नियम आहे. रक्कम छोटी असते म्हणून लोक मागत नाहीत. मी मागतो.

परदेशच्या तिकिटात स्वस्ताईचा अर्थच बदलतो. मामा-मामींना लेकीच्या बाळंतपणासाठी सॅन होजेला जायचं होतं. यादीत सर्वांत वर जे तिकीट होतं त्याखाली 'सेल्फ ट्रान्सफर' लिहिलं होतं. म्हणजे खरं तर दोन वेगळी तिकिटं. मधल्या विमानतळावर सामान घ्यायचं, त्या देशाचा व्हिसा लागत असेल तर तोही हवा, पुन्हा रांग लावून बॅगा द्यायच्या. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीचा काही संबंध नाही.

"अरे, पण माणशी पंधरा हजार वाचतायत," मामा म्हणाले.

"मामा, मध्ये बॅगा कोण ओढणार?"

मागून मामींचा आवाज आला, "एकच तिकीट काढ रे तू."

मग एकाच कंपनीचं जाण्या-येण्याचं, मध्ये तीन तासांच्या थांब्याचं आणि परतीची तारीख बदलता येईल असं तिकीट पाहिलं. बाळंतपण ठरल्या दिवशी होतंच असं नाही. त्या मुभेचे थोडे जास्त पैसे गेले, ते मला महाग वाटले नाहीत.

नाव टाकताना मी पासपोर्ट समोरच ठेवतो. मामींच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात त्यांचं आणि मामांचं अशी दोन नावं आहेत. तिकिटावर आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग ही दोन्ही नावं एकमेकांना चिकटून आणि शेपटीला 'मिसेस' तेही चिकटूनच. "हे कोणाचं तिकीट काढलंस?" मामी घाबरल्या. ही त्या यंत्रणांची जुनी लिहिण्याची रीत आहे, असं त्यांना दोनदा सांगितलं.

पैसे गेले, ई-मेल आली, तरी काम संपत नाही. सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे नुसतं आरक्षण. तिकीट झालं याची खूण म्हणजे तेरा आकडी क्रमांक. त्यातले पहिले तीन आकडे कंपनीचे, एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६. एका एजंट साइटवर पीएनआर आला आणि तेरा आकडे दुसऱ्या दिवसापर्यंत आलेच नाहीत, असं मी एकदा भोगलंय. म्हणून आता कंपनीच्या स्वतःच्या साइटवर पीएनआर टाकून तो क्रमांक बघतो. मामा-मामींचा दिसला, तेव्हा तिथूनच दोघांसाठी व्हीलचेअर मागून ठेवली. मामींना या आकड्यांत रस नव्हता. बॅगा किती, किती किलोच्या, आणि लोणच्याची बरणी कोणाच्या बॅगेत, हे त्यांचे प्रश्न होते. पहिल्या दोन्हींचं उत्तर तिकिटावर होतं, तिसऱ्याचं मी मामांवर सोडलं.