छपरांचा हिशोब

विनिपेगला समुद्र नाही. हडसन उपसागरावरचं चर्चिल कॅनडाच्या याच मॅनिटोबा प्रांतात असलं तरी ते उत्तरेला सुमारे हजार किलोमीटरवर आहे, आणि तिथवर रस्ता जातच नाही. आगगाडीने जा नाहीतर विमानाने. म्हणून इथल्या माणसाचा समुद्रकिनारा म्हणजे लेक विनिपेग. जवळपास २४,५०० चौरस किलोमीटरचं, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या दीडपट पाणी. १९०३ साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने विनिपेग बीचपर्यंत रूळ नेले आणि पुढे कित्येक वर्षं ‘मूनलाइट स्पेशल’ गाडी शहरातल्या तरुण मंडळींना संध्याकाळी किनाऱ्यावर नाचायला नेऊन रात्री उशिरा परत आणत असे. सायकलवाल्यांची रात्र याच्या उलट चालते. शहरातून निघायचं रात्री, आणि उजाडताना पाण्यापाशी पोचायचं. लाल नदीच्या पश्चिमेने सेलकर्क, मग विनिपेग बीच, मग गिमली असा हा सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता, आणि त्यावर चढ असा नाहीच. गिमली पश्चिम काठावर असल्यामुळे तिथे सूर्य पाण्यातून वर येतो. अलिबागला सूर्य पाण्यात बुडताना पाहणाऱ्यांना याची गंमत वाटेल. अडचण एवढीच की रात्र सर्वांत लहान असते ती जूनमध्ये, आणि पाऊसही सर्वांत जास्त जूनमध्येच पडतो.

हा पाऊस आपल्या ओळखीचा नाही. महिनाभरात सरासरी ९० मिलिमीटर, म्हणजे महाबळेश्वरची एखादी सकाळ. पण कोकणातला पाऊस अंगावर येतो तो कोमट, आणि जूनमधल्या विनिपेगच्या रात्री पारा दहा-अकरा अंशांवर असतो. अशा वेळी नवखा माणूस सगळी काळजी भिजू नये याची करतो आणि महागडं जॅकेट घेतो. माझ्या मते काळजीची जागा चुकते. चार तास पावसात सायकल चालवणारा कोणत्याही जॅकेटात भिजतोच, पावसाने नाही तर आतल्या घामाने. स्नायूंनी खर्च केलेल्या शक्तीपैकी जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे पॅडलवर शंभर वॅट देणाऱ्याच्या अंगात तीनशेहून जास्त वॅटची शेगडी पेटलेली असते. तो थांबला की ती काही मिनिटांत शंभरच्या आसपास येते, आणि अंगाला चिकटलेलं पाणी मात्र स्थिर हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणजे माणूस भिजल्याने तितका गारठत नाही, जितका भिजून उभं राहिल्याने गारठतो. रात्रीच्या राइडचं सगळं कौशल्य म्हणूनच थांबण्यात आहे. कुठे थांबायचं, किती वेळ, आणि कोणी.

याची परीक्षा पंक्चरच्या वेळी होते, आणि पावसात पंक्चर जास्त होतात. ओल्या टायरला काचेचे कण चिकटतात आणि ओलं रबर सहज कापलं जातं. मॅनिटोबातल्या पुष्कळ हायवेंची साइडपट्टी खडीची असते, तिच्यापलीकडे चिकणमाती. इथे तिला गम्बो म्हणतात. सोलापूरकडच्या काळ्या मातीसारखी ती चाकाला धरते आणि मडगार्डमध्ये भरून चाकच अडवते. त्यामुळे सायकल उचलूनच बाजूला घ्यावी लागते. मग काम सुरू होतं. एकाने बॅटरी धरायची, एकाने चाक काढायचं, आणि ज्याची बोटं अजून शाबूत आहेत त्याने टायरच्या आतून हात फिरवून काच शोधायची. ही पायरी घाईत गाळली की नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. नव्या ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरली तर ती टायरखाली चिमटत नाही. हवा भरायला हातपंपच बरा, कारण गॅसच्या नळीने काम झटपट होत असलं, तरी पंप मारणाऱ्याचं अंग गरम राहतं. या कामाला तीन माणसं पुरतात. उरलेल्यांनी भोवती उभं राहून सल्ले देण्याचा काहीही उपयोग नाही. त्यांनी निघावं आणि पुढच्या छपराखाली, पेट्रोल पंप असो की गावातली एखादी पडवी, वाट पाहावी. निघण्याआधी नकाशावर अशी छपरं मांडून ठेवणं हे पुढाऱ्याचं खरं काम. सेलकर्कनंतर ती विरळ होतात, म्हणून सेलकर्कचा थांबा सगळ्यांसाठी सक्तीचा ठेवावा, कोणी कितीही ताजातवाना असला तरी.

यावर कोणी म्हणेल, मग गट हवाच कशाला? ज्याने त्याने आपापल्या वेगाने जावं. लंडनहून निघणारी ‘डनविच डायनॅमो’ १९९३ पासून साधारण अशीच चालते. रात्रभर जाणारे शेकडो लोक, आणि ज्याचं ओझं त्याच्याच खांद्यावर. तिथे मागूनपुढून सायकली सतत येत असतात, म्हणून ते निभतं. त्याच लंडनची ‘फ्रायडे नाइट राइड टु द कोस्ट’ मात्र वळणावळणावर माणूस उभा करते, सर्वांत मागे शेपटाची माणसं ठेवते आणि कुणाला मागे सोडत नाही. विनिपेगच्या उत्तरेला रात्री दोन वाजता रस्त्यावर दुसरं कोणी नसतं, त्यामुळे इथे दुसरी रीतच लागू पडते. एकट्याचा कणखरपणा किती पुरतो हे २००७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या राइडने दाखवलं. पात्रतेच्या राइड्स (ब्रेव्हे) पूर्ण करूनच आलेले सायकलपटू, आणि तरी त्या पावसाळी वर्षी सुमारे ३० टक्क्यांनी मध्येच सोडलं. उलट आक्षेपही खरा आहे. गट मंदावतो, आणि मंद चालणाऱ्याची शेगडीही मंद असते. म्हणून वीसजणांचा एक गट करण्यापेक्षा सात-आठ जणांचे गट करावेत. मागच्या चाकाचे फवारे तोंडावर घेणाऱ्यांची संख्याही त्यामुळे घटते. पुढच्याच्या मडगार्डला रबरी पट्टी नसेल तर त्याला शेवटी पाठवावं, त्याचा अपमान झाला तरी चालेल.

मागून गाडी ठेवण्याची आपल्याकडची पद्धत इथे मला पटत नाही. दोनपदरी रस्त्यावर सायकलींच्या वेगाने रांगणारी गाडी हाच मोठा अडथळा, आणि तिच्या हीटरशी एकदा बसलेला माणूस परत खाली उतरत नाही. गाडी असावी, पण पुढच्या छपरापाशी उभी. फक्त विजांपुढे यातलं काहीच चालत नाही. उन्हाळ्यातली वादळं इथे बरेचदा रात्रीच येतात, आणि सपाट शेतांमधल्या रस्त्यावर सायकलस्वाराहून उंच असं फारसं काही नसतं. रडारवर गडगडाटी ढग दिसले की राइड रद्द, त्यावर चर्चा नको. आणि ते संध्याकाळीच कळवावं, कारण रात्री अकरा वाजता, सगळे कपडे चढवून जमल्यावर रद्द केलेल्या राइडमधले दोघे-तिघे हमखास आपल्या जबाबदारीवर निघतात.