हिंगणे : दिल्ली दरबारातील एका मराठी आडनावाचा मागोवा

अठराव्या शतकातील दिल्लीच्या मराठी इतिहासात शिंदे आणि होळकर ही आडनावे तलवारीमुळे गाजली. ‘हिंगणे’ हे आडनाव मात्र लेखणीमुळे टिकले. नाशिक क्षेत्री पेशवे घराण्याचे उपाध्येपण करणाऱ्या या कुटुंबातील महादेवभट हिंगणे बाळाजी विश्वनाथांच्या स्वारीबरोबर दिल्लीस गेले आणि १७१९ मध्ये चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा पदरात पडल्यानंतर बादशाही दरबारातील मराठ्यांची वकिली त्यांच्याकडे आली. त्या काळी वकील म्हणजे न्यायालयात बाजू मांडणारा नव्हे, तर एका सत्तेने दुसऱ्या सत्तेच्या दरबारी ठेवलेला प्रतिनिधी होय. वाटाघाटी करणे, रकमांचा तगादा लावणे आणि राजधानीतील हालचालींची बातमी नियमितपणे स्वदेशी पाठवणे ही त्याची कामे असत.

‘हिंगण’ किंवा ‘हिंगणबेट’ हे कोरडवाहू भागातील काटेरी झाड, संस्कृतातील इंगुदी होय. पुण्याजवळचे हिंगणे, नागपूरजवळचे हिंगणा आणि वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट ही नावे याच शब्दाशी जुळतात. वृक्षावरून गाव आणि गावावरून आडनाव हा मराठी आडनावांच्या घडणीचा परिचित मार्ग असल्याने ‘हिंगणे’ची व्युत्पत्तीही त्याच दिशेने शोधणे सयुक्तिक ठरते; परंतु एका नावाची गावे अनेक असल्यामुळे हे आडनाव लावणारी सर्व कुटुंबे एकाच मूळ पुरुषाची मानता येत नाहीत. महादेवभटांच्या नावातील ‘भट’ ही वैदिक-उपाध्याची उपाधी आहे, तर पेशव्यांच्या बाबतीत तेच ‘भट’ मूळ आडनाव आहे, हा भेदही वंशावळी जुळवताना ध्यानात ठेवावा लागतो.

१७४४ साली महादेवभटांचा मृत्यू झाल्यावर वकिली त्यांच्या पुत्रांकडे गेली. बापूजी महादेव, दामोदर महादेव, पुरुषोत्तम महादेव आणि देवराव महादेव, तसेच पुढील पिढीतील गोविंदराव पुरुषोत्तम, ही नावे पाहिली म्हणजे तत्कालीन नामलेखनाची रीत स्पष्ट होते : व्यक्तीच्या नावामागून पित्याचे नाव येई आणि तेवढ्याने ओळख पटत असे, आडनाव लिहिण्याची गरज बहुधा पडत नसे. म्हणूनच केवळ आडनावाच्या आधारे जुने कागद चाळणाऱ्या अभ्यासकाच्या हातून या कुटुंबाची कितीतरी पत्रे निसटू शकतात.

आडनाव आणि हुद्दा यांचे नाते येथे विशेष लक्षणीय आहे. फडणीस, चिटणीस, पोतनीस ही आडनावे कामावरून पडली. १७१९ च्या दिल्लीतील दंग्यात मारले गेलेले बाळाजी महादेव यांचे आडनाव भानू होते, परंतु त्यांचे नातू बाळाजी जनार्दन इतिहासात ‘नाना फडणीस’ म्हणूनच ओळखले जातात, म्हणजे हुद्द्याने मूळ आडनाव झाकले. हिंगण्यांकडे वकिली पिढ्यान्‌पिढ्या राहूनही हे घराणे ‘वकील’ झाले नाही; उलट इतिहासलेखनात ‘हिंगणे’ म्हटले की दिल्लीतील मराठी वकिलातच डोळ्यांपुढे येते.

१७५२ चा अहमदिया करार, १७६१ चे पानिपत आणि १७७२ मध्ये महादजी शिंद्यांच्या पाठबळाने शाहआलमचे दिल्लीस पुनरागमन, या साऱ्या काळात हे घराणे दिल्लीच्या राजकारणात होते. त्यांचा पत्रव्यवहार दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांच्या ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ या ग्रंथातून आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ग. ह. खरे यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केलेल्या ‘हिंगणे दप्तर’मधून अभ्यासकांपुढे आला. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. असे हुद्द्याचे आडनाव लावणाऱ्या संपादकाने दिल्लीच्या वकिलांची पत्रे उजेडात आणावीत, हा योगही अर्थपूर्ण आहे.

दिल्लीच्या परिसरात मराठी नावाची दुसरी परंपराही दिसते. पानिपत व कर्नाल भागातील रोड समाजातील अनेक जण पानिपतच्या युद्धातून वाचलेल्या मराठ्यांशी आपले नाते सांगतात आणि काही जण नावाला ‘मराठा’ जोडतात. हे नाते अभ्यासकांत विवाद्य असले, तरी त्यामागील आत्मीयता आदरास पात्र आहे. तेथे लोकस्मृतीतून नाव उभे राहते, तर हिंगण्यांचे नाव दप्तराच्या आधारे उभे आहे. आडनावाचा प्रसार केवळ ते लावणाऱ्यांच्या संख्येने मोजला, तर नाशिकजवळच्या चांदोरीशी नाते असलेले हे घराणे लहान भासेल. परंतु उत्तर हिंदुस्थानातील मराठी सत्तेचा इतिहास त्याच्या पत्रांवाचून लिहिता येत नाही, आणि या आडनावाचा खरा विस्तार तोच आहे.