तिची शांती तिनंच शोधली

"घरात सगळं हाय माय, पर जीवाला शांती नाही."

हे वाक्य आमच्या चाकुरात कुठंही कानावर पडतं. भाजी निवडताना, एस.टी.ची वाट बघताना, हळदीकुंकवाला. मग त्या शांतीसाठी आपण बायका काय काय करतो! कुणी गुरुवार धरतं, कुणी सप्ताहात पारायणाला बसतं, कुणी मन्मथस्वामींच्या दिंडीबरोबर कपिलधारला पायी जातं, कुणी दर्ग्यात ऊद लावून येतं. त्यात वावगं काहीच नाही.

पण मध्यंतरी एका मैत्रिणीनं मला वेगळाच प्रश्न विचारला. तिच्या नवऱ्यानं एका पंथाची माळ घातली. त्या दिवसापासून घरात कांदा-लसूण बंद. देवघरातले पिढ्यान् पिढ्यांचे टाक उचलून ठेवले. माहेरच्या जत्रेला जाणं थांबलं. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "ह्यांना शांती मिळाली म्हणं. मिळू दे बाई. पर माझ्या शांतीचं काय?"

मैत्रिणींनो, हाच प्रश्न सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी नाशिककडच्या एका बाईपुढं आला होता, आणि तोही किती तरी कठोर रूपात. त्या बाईचं नाव लक्ष्मीबाई टिळक. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र तुमच्यातल्या काहींनी वाचलं असेल. विजया मेहतांनी त्यावर दूरदर्शनसाठी केलेली फिल्मही कुणाकुणाला आठवत असेल.

नवऱ्यानं धर्म बदलला, तेव्हा...

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी वडिलांचं सोवळं इतकं कडक, की घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय चुलीपर्यंत जायची नाही. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक. कवी, विद्वान, मोठ्या मनाचा, पण तापट आणि कमालीचा बेभरवशाचा. कधी घर सोडून निघून जाईल याचा नेम नाही, हातातले पैसे कुणाला देऊन येईल याचाही नाही. शाळेचं तोंड न बघितलेल्या बायकोला अक्षरओळख मात्र त्यांनीच करून दिली.

एकदा आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशानं टिळकांना बायबलचा 'नवा करार' वाचायला दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं ते भारावून गेले. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

त्यांना शांती मिळाली. आणि लक्ष्मीबाईंना? पदरात लहानगा दत्तू. त्या काळात धर्म सोडलेला माणूस म्हणजे घरच्यांना मेल्यासारखाच. कपाळावर कुंकू आहे, पण संसार नाही, अशी त्यांची गत झाली. बहिणीनं आणि मेहुण्यांनी त्यांना सांभाळलं. काही काळ पंढरपुरातही गेला. विठोबा हाकेच्या अंतरावर आणि मन मात्र होरपळलेलं. त्या दुःखातच त्यांच्या तोंडून कविता बाहेर पडू लागल्या.

अशी चार-पाच वर्षं गेली. टिळक पत्रं पाठवत होते, ये म्हणत होते. पण त्यांनी एक गोष्ट केली नाही. 'मी ख्रिस्ती झालो, आता तूही हो' अशी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाई शेवटी अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) त्यांच्याकडं गेल्या, त्या आपलं सोवळं बरोबर घेऊनच. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली. आजूबाजूच्या लोकांना ते अजब वाटत असेल, पण त्या घरात ते चाललं.

मग एक दिवस त्यांच्या स्वतःच्याच मनात प्रश्न उभा राहिला. ही जात देवानं केली की माणसांनी? उत्तरही त्यांचं त्यांनाच मिळालं. माणसांनी! ते पटल्यावर त्या थांबल्या नाहीत. जन्मभर जपलेला विटाळ त्यांनी मनातून काढून टाकला. लक्षात घ्या, तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. आधी जात गेली, मग १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, आपल्या पायांनी चालत.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाची वाटतात ती ही पाच वर्षं. नवऱ्याबरोबर लगेच बाप्तिस्मा घेतला असता तर लोक म्हणाले असते, पतिव्रता आहे. कधीच घेतला नसता तर म्हणाले असते, धर्मनिष्ठ आहे. त्यांनी लोकांच्या म्हणण्याप्रमाणं दोन्ही केलं नाही. मनाला पटेपर्यंत त्या थांबल्या आणि पटल्यावर मागं हटल्या नाहीत.

दीक्षा घेतली, पण शांती?

आता दुसऱ्या एका बाईकडं वळू. आपल्याकडून लातूर-मुंबई गाडीनं रात्री निघालं, की दौंड आणि पुण्याच्या मध्ये केडगाव नावाचं स्टेशन लागतं. आपण बहुतेक वेळा झोपेत असतो. त्या केडगावात पंडिता रमाबाईंचं 'मुक्ती मिशन' आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जगाचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि लेकही संस्कृतात वाढली. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरायचं. १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील, बहीण पाठोपाठ गेले. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी भटकत कलकत्त्यापर्यंत पोचले. तिथल्या पंडितांनी या तरुण मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. मग १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं. आणि १८८२ साली नवराही गेला. पदरात मनोरमा ही लहान लेक.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि तिथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामागं एक मोठं कारण होतं. समाजानं 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी सांभाळत होत्या, माणसासारखं वागवत होत्या. आपण वाचलेल्या शास्त्रांत अशा बाईला जागा नाही आणि येशू मात्र शोमरोनच्या तशाच एका बाईशी विहिरीवर बसून बोलतो, हे त्यांच्या मनाला भिडलं.

इथंच गोष्ट संपली असती तर ती नेहमीचीच झाली असती. पण रमाबाईंनी १९०७ साली आपल्या श्रद्धेची हकीकत लिहिली, आणि त्यात प्रामाणिकपणे सांगितलं, की बाप्तिस्मा घेऊनही मन तळमळतच होतं. धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. खरं समाधान लाभायला पुढं जवळजवळ आठ वर्षं लागली.

केवढी मोठी गोष्ट आहे ही! माळ घातली, दीक्षा घेतली, नाव बदललं म्हणून शांती लगेच येत नाही, हे इतक्या विद्वान बाईनं उघडपणे सांगितलं. आणि त्या आठ वर्षांत त्या गप्पही बसल्या नाहीत. इंग्लंडमधल्या धर्मगुरूंशी आणि भगिनींशी त्यांनी पत्रांतून वाद घातले. इथल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं, ते दुसऱ्यांचं मानेवर घेण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. श्रद्धा ठेवायची म्हणजे डोकं गहाण टाकायचं, असं त्यांना कधी वाटलं नाही.

शांती म्हणजे हातावर हात ठेवणं नव्हे

आपल्याला वाटतं, शांती मिळाली की माणूस डोळे मिटून बसतो. या दोघींचं उलटंच झालं.

रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. तिथं शिकलेल्या गोदूबाई पुढं महर्षी कर्व्यांच्या पत्नी, आनंदीबाई झाल्या. धर्मांतराच्या शंकेवरून १८९३ साली पुण्यात गहजब झाला, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या मुलींना घेऊन आल्या. त्यातून केडगावची मुक्ती उभी राहिली. १९०० च्या सुमारास तिथं दोन हजारांच्या आसपास बायका आणि मुलं होती. अंध बायकांसाठी वेगळं सदन होतं. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकाच बघायच्या. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनी खिळे जुळवले, आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ साली ते बायबल बाहेर आलं.

लक्ष्मीबाईंनी राहुरीला असताना दुष्काळातली अनाथ पोरं आपल्या घरात घेतली. कधीकाळी दुसऱ्याची सावली चुकवणारी बाई आता कुणाकुणाच्या लेकरांना न्हाऊ-माखू घालत होती. ९ मे १९१९ ला टिळक गेले. येशूच्या जीवनावरचं 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. जिला नवऱ्यानं अक्षरं शिकवली, त्या बायकोनं साठाहून जास्त अध्याय लिहून ते पूर्ण केलं. आणि 'स्मृतिचित्रे'! बोलल्यासारखी भाषा, स्वतःला हसण्याची ताकद, नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणाचे किस्से. एवढं सोसलेल्या बाईच्या लिखाणात कुठं कडूपणा नाही. मला तर वाटतं, तिच्या शांतीचा खरा पुरावा तोच आहे. २४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई गेल्या.

संकटं मात्र दोघींचीही संपली नाहीत. रमाबाईंच्या डोळ्यांसमोर १९२१ साली मनोरमा गेली. ज्या लेकीच्या हाती सगळं काम सोपवायचं, तीच राहिली नाही. पुढच्याच वर्षी ५ एप्रिलला रमाबाईही गेल्या. देवावर श्रद्धा ठेवली म्हणून घरावरचं संकट टळतं, असा सौदा या दोघींच्या आयुष्यात कुठं दिसत नाही. दुःख आलं तरी उन्मळून पडायचं नाही, एवढं बळ त्यांना श्रद्धेनं दिलं.

आपण काय घ्यायचं?

मी स्वतः ख्रिस्ती नाही. आमचं घर माळकऱ्यांचं. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना मला कुठं परकं वाटलं नाही. टिळकांनाही ख्रिस्ताकडं जाताना तुकोबा परके वाटले नव्हते. तुकोबांच्याच वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, आणि आजही मराठी चर्चमध्ये ती गायली जातात.

म्हणून कुणी धर्म बदलावा किंवा बदलू नये, हे सांगायला मी बसलेली नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण 'ज्याचा त्याचा' म्हणताना आपण 'जिचा तिचा' हे विसरतो. घरातल्या पुरुषानं नवी वाट धरली, की बाईनं मुकाट्यानं मागं चालायचं, असं आपण धरूनच चालतो. टिळकांसारखा तापट माणूससुद्धा बायकोची वेगळी चूल पाच वर्षांनंतरही मान्य करू शकला, तर आजच्या नवऱ्यांना ते जड का जावं?

माझ्या मैत्रिणीला मी पुस्तक दिलं. तिनं ते वाचून नवऱ्याला एवढंच सांगितलं, "तुमची माळ तुम्ही घाला, मी आड येणार नाही. पर माझ्या आईचे टाक देव्हाऱ्यातच राहतील." थोडी कुरबूर झाली. टाक मात्र परत जागेवर आले.

तुम्हीही कुठल्या व्रताला, पंथाला, प्रार्थनेला जात असाल तर जरूर जा. फक्त अधूनमधून स्वतःला विचारून बघा. हे मला पटलंय का, की कुणी सांगितलं म्हणून चाललंय? माझ्या मनात आलेला प्रश्न इथं विचारता येतो का? आणि यामुळं माझा हात दुसऱ्यासाठी थोडा सैल झाला का? लक्ष्मीबाईंना हे पटायला पाच वर्षं लागली, रमाबाईंना आठ. आपल्यालाही थोडा वेळ लागला तर लागू द्यावा. घाईनं दुसऱ्याची शांती अंगावर घेण्यापेक्षा ते बरं.