मावळत्या उस्मानी दौलतीतील आर्मेनियन रयत

उस्मानी दौलतीत ‘एकनिष्ठ जमात’ म्हणून गणले जाणारे आर्मेनियन जिझिया भरीत, न्यायदरबारी दुय्यम लेखले जात, आणि तरीही त्यांच्यातील सराफ व कारागीर राजधानीत प्रतिष्ठेने नांदत. सुलतानाचा दोल्माबाहचे राजवाडादेखील बाल्यान घराण्यातील आर्मेनियन स्थपतींनीच उभारला. १८३९ च्या फर्मानाने प्रजेला जीवित व वित्त यांची हमी दिली खरी, परंतु पूर्वेकडील सुभ्यांतील शेतकऱ्याला कुर्द सरदारांच्या जुलमी वसुलीपासून तिने वाचविले नाही. १८७८ च्या बर्लिन तहाच्या ६१ व्या कलमान्वये तेथे सुधारणा करण्याचे वचन युरोपीय सत्तांनी सुलतानाकडून घेतले आणि त्याच्या पालनाकडे पाठ फिरविली. त्यामुळे आर्मेनियनांना संरक्षण तर लाभले नाहीच, उलट ते परक्यांचे हस्तक असल्याचा संशय मात्र बळावला, आणि दुसऱ्या अब्दुल हमीदच्या अमदानीत, १८९४ ते १८९६ या काळात, हजारो निरपराध जीव त्या संशयास बळी पडले.

१९०८ च्या तरुण तुर्कांच्या क्रांतीने राज्यघटना पुन्हा अमलात आली तेव्हा तुर्क आणि आर्मेनियन यांनी राजधानीच्या रस्त्यांवर परस्परांना आलिंगन दिले. पण पुढल्याच वर्षी अदाना येथे आर्मेनियनांची कत्तल झाली, आणि १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत युरोपातील जवळजवळ सारा मुलूख हातचा गेल्यावर तरुण तुर्कांच्या ‘ऐक्य व प्रगती समिती’च्या धुरीणांच्या मनात, उरलेले राज्य टिकवायचे तर ते एकाच राष्ट्राचे असले पाहिजे, हा विचार दृढ झाला. बाल्कनातून परागंदा होऊन आलेल्या मुसलमानांचे दुःख खरे होते. ज्यांनी ते दिलेच नव्हते त्यांच्यावर त्याचा सूड उगविला गेला.

२४ एप्रिल १९१५ रोजी राजधानीतील आर्मेनियन लेखक, वकील व पुढारी पकडले गेले. मेअखेरीस हद्दपारीचा कायदा निघाला, मागोमाग मालमत्तेची विल्हेवाट लावणारे हुकूम सुटले, आणि ठिकठिकाणी पुरुषांना गावाबाहेर नेऊन मारल्यावर बायकामुलांचे तांडे सीरियातील देर-एझ-झोरच्या वाळवंटाकडे हाकलण्यात आले. बहुतेक इतिहासकारांच्या मते सुमारे १० लाख माणसे प्राणास मुकली. रशियाशी चाललेल्या युद्धाची निकड हे याचे समर्थन म्हणून सांगितले जाते. परंतु त्या रणभूमीपासून शेकडो कोस दूर असलेल्या अंकारा आणि बुर्सा येथील आर्मेनियनांच्या वाट्यासही हद्दपारीच आली.

अलेप्पोचा सुभेदार जलाल बे याने या हुकमांना विरोध केला, म्हणून त्याची कोन्यास बदली झाली. तेथेही त्याने शक्य तितक्यांना थोपवून धरले, तेव्हा त्याला पदावरूनच दूर करण्यात आले. एका अंमलदाराला जे करता आले ते इतरांना अशक्य नव्हते, आणि म्हणूनच या संहाराचा दोष साम्राज्याच्या ऱ्हासावर टाकून मोकळे होणे मला मान्य नाही. दुबळे राज्य मुलूख गमावते. आपल्याच रयतेचा उच्छेद करण्यासाठी मात्र तलात पाशासारख्या मंत्र्याने विचारपूर्वक हुकूम काढावे लागतात आणि ते बजावणारे अंमलदार गावोगाव मिळावे लागतात.