जोर आणि कस

महाबळेश्वर आणि चीन म्हटले की इथल्या जुन्या तुरुंगाची गोष्ट निघते. सिंगापूर-मलाक्का भागातून आणलेले चिनी आणि मलायी कैदी एकोणिसाव्या शतकात इथे ठेवले होते. त्यांनी भाजीपाल्याचे मळे केले, वेतकाम केले. १८६४मध्ये तो तुरुंग बंद झाला. चिनी युद्धकलेचा धागा त्यांच्याशी जोडण्याचा मोह होतो, पण त्याला आधार नाही. मला दुवा दिसतो तो डोक्यावर मोळी घेऊन घाट चढणाऱ्या बाईच्या मानेत.

तिच्याकडे नीट पाहावे. मोळीखाली चुंबळ, मान उभी, खांदे मात्र सैल सोडलेले. चढणीवरही ती बोलत असते. भार डोक्यातून मानेत, कण्यात, कमरेत आणि तिथून टाचेत उतरतो. वजन हाडे पेलतात. स्नायूंचे काम हाडे जागेवरून सरकू न देण्याएवढेच. नवख्याने तीच मोळी उचलली तर तो खांदे कानांपर्यंत चढवतो आणि दहा पावलांत थकतो. ताकद त्याच्याकडे अधिक असेलही, पण ती आडवी येते.

चिनी परंपरेत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. ‘ली’ म्हणजे स्नायूंचे कच्चे बळ आणि ‘जिन’ म्हणजे सरावाने घडवलेले, साऱ्या अंगातून एकदम येणारे बळ. ‘अंतर्गत’ आणि ‘बाह्य’ मुष्टिविद्या हा भेद ह्वांग झोंगशी या विद्वानाने १६६९मध्ये लिहिलेल्या एका समाधिलेखात आढळतो. ताइजी, शिंगयी आणि बाग्वा या तीन पद्धती ‘अंतर्गत’ म्हणून एकत्र ओळखल्या जाऊ लागल्या त्या मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीस, मुख्यतः सुन लुतांग याच्या लेखनामुळे. या ‘अंतर्गत’मध्ये गूढ असे काही असलेच पाहिजे, असे मला वाटत नाही. ‘ची’च्या नावाखाली जे चमत्कार दाखवले जातात ते बाजूला ठेवले तरी शिकण्यासारखे पुष्कळ उरते.

शिकण्याची सुरुवात बहुधा नुसते उभे राहण्याने होते. ‘झान झ्वांग’ म्हणजे रोवलेल्या खुंट्यासारखे उभे राहणे. वांग शियांगझाय (१८८५–१९६३) याने तर यालाच आपल्या पद्धतीचे केंद्र केले. गुडघे किंचित वाकलेले, माकडहाड खाली सोडलेले, हात झाडाच्या बुंध्याला कवेत घेतल्यासारखे. थोड्याच वेळात खांदे पेटतात. तरीही हात खाली न सोडता उभे राहिले की, जे स्नायू विनाकारण आवळलेले होते ते एकेक करून सुटू लागतात. मग जोडीदार आपल्या हाताच्या पुढच्या भागावर रेटा देतो. तो रेटा खांद्यात अडकला तर खांदा वर उचलला जातो आणि आपण मागे कोलमडतो. कोपर, पाठ, कंबर, गुडघा असा तो टाचेपर्यंत पोचला तर रेटणाऱ्याला आपण जमीनच ढकलतो आहोत असे वाटते. चिनी गुरू याला ‘पंग’ म्हणतात. यात न्यूटनच्या तिसऱ्या नियमापलीकडचे काही नाही; फक्त मधल्या कुठल्याच सांध्यात गळती नसावी लागते.

माझे बहुतेक शिक्षण पुस्तकांवर झाले, पण हे पुस्तकातून येत नाही. सैल आणि ढिले यांतला फरक शब्दांत मावत नाही. पाण्याने भरलेला पोहरा वर ओढताना दोर ताठ असतो, तरी काठीसारखा कडक नसतो. एवढे सांगता येते. बाकीचे पाठीवर ठेवलेला जाणत्याचा हात सांगतो.

आणि तो हात सातारा-सांगलीच्या तालमींत पूर्वीपासून आहे. ‘अंग आवळू नको’, ‘कंबर खाली घे’ असे वस्ताद सांगतो तेव्हा तो हेच शिकवत असतो. धोबीपछाड पाहा. प्रतिस्पर्ध्याचा हात खांद्यावरून ओढलेला दिसतो, म्हणून हातानेच फेकले असे वाटते. प्रत्यक्षात आपली कंबर त्याच्या कमरेखाली गेलेली असते आणि पाय त्याला उचलतात. आपल्याकडे ‘जोर’ आणि ‘कस’ असे दोन शब्द आहेतच. जोर कोणीही लावतो. कस मुरावा लागतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. तो खांबही मुळात पैलवानाचा न हलणारा जोडीदारच. चुकीची पकड तो खपवून घेत नाही.

दोन्हींची वाट मात्र वेगळी आहे. चिनी साधक स्थिर राहून तिथे जातो, आपला पैलवान दमून. शेकडो बैठकांनंतर मांड्यांतला जोर संपतो, तेव्हा उठायला हाडांचीच मदत घ्यावी लागते. जमिनीचाही फरक पडतो. ताक, तेल, हळद, काव घालून मऊ केलेल्या मातीत पाय रुततो, गादीवर रुतत नाही. टाचेखालचा आधार बदलला की वरची सगळी ठेवण नव्याने जुळवावी लागते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८मध्ये लंडनला सहावे आले आणि १९५२मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्या चार वर्षांत हे जुळवणेही झाले असणार, असा माझा तर्क आहे.

खरी खंत लेखनाची आहे. सुन लुतांगचे शिंगयीवरचे पुस्तक १९१५मध्ये छापून निघाले. आपल्याकडे करंदीकर-मुजुमदारांनी बडोद्याहून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले, हे काम प्रचंडच. पण डाव कसा दिसतो हे लिहिता येते. तो बसतो त्या क्षणी अंगात काय होते, हे वस्तादांबरोबर जाते आहे. भार कोणत्या पायावर होता, श्वास कुठे होता, असे जुन्या पैलवानांना विचारले की ते तोंडाने सांगत नाहीत. उठून उभे राहतात आणि आपले मनगट धरतात.